ग्राफमधली लाईन सांगाल तशी उमटत नाही? ग्नूप्लॉटसाठी तपासणीचा क्रम

प्रोजेक्ट रिपोर्टचे दिवस आले की आमच्या लॅबमध्ये एकच तक्रार सुरू होते, "सर, लाईन बदलतच नाही." कोणी सुताची ताणशक्ती मोजलेली असते, कोणी डाळिंबाच्या बागेतला मातीचा ओलावा, कोणी उजनीचा पाणीसाठा. विषय वेगळे असले तरी बिघाड तेच ते असतात. आम्ही ग्राफ ग्नूप्लॉटमध्ये, म्हणजे कमांड लिहून ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काढतो. त्यातले हे बिघाड कोणत्या क्रमाने तपासायचे ते एकदा नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

- लाईन हवी होती, पण नुसती अधिकची चिन्हं विखुरलेली दिसतात.
- रंग किंवा जाडी बदलली तरी ग्राफ जसाच्या तसा राहतो.
- तुटक लाईन सांगितली, येते अखंड.
- लाईन मध्येच तुटते, किंवा शेवटच्या पॉइंटवरून पहिल्या पॉइंटकडे आडवी परत जाते.
- तारखांचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो. दर महिन्याला लाईन डावीकडे उडी मारते.
- ठरावीक तारखेनंतर लाईन गायब होते.
- स्क्रीनवर ठसठशीत, कागदावर अगदी बारीक.
- रंगीत पाहताना दोन लाईनी वेगळ्या, झेरॉक्समध्ये ओळखू येत नाहीत.

लाईन कशी दिसणार हे पाच ठिकाणी ठरतं: डेटा फाईल, प्लॉटची कमांड, स्टाईलचा तक्ता, टर्मिनल (म्हणजे चित्र कशात काढायचं ते: स्क्रीनची विंडो, पीएनजी, पीडीएफ) आणि शेवटी कागद. बहुतेक जण यातल्या एकाच ठिकाणी, म्हणजे कमांडमध्ये, पुन्हा पुन्हा आकडे बदलत बसतात. बिघाड दुसरीकडे असेल तर जाडी २ ची ८ करून काहीही होत नाही. म्हणून रंग निवडण्याआधी बिघाड कुठल्या ठिकाणी आहे ते शोधा.

खालच्या कमांडचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत. टाईप करताना ते इंग्रजी लहान लिपीतच करायचे.

पहिली तपासणी: तुम्ही नवा ग्राफच बघताय ना?

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जुनी चित्राची फाईल सरळ डिलीट करा, स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाईल) पुन्हा चालवा आणि फाईल नव्याने तयार होते का बघा. झाली नाही, तर तुम्ही आत्तापर्यंत कालचंच चित्र बघत होता.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आउटपुट बंद न करणं. 'सेट आउटपुट' ने फाईल उघडते, पण ती पूर्ण लिहिली जाते ती 'अनसेट आउटपुट' दिल्यावर किंवा प्रोग्रॅम बंद झाल्यावर. तोवर फाईल रिकामी किंवा अर्धवट असू शकते. स्क्रिप्टच्या शेवटी 'अनसेट आउटपुट' लिहायची सवय लावून घ्या.

दुसरं कारण वर्ड. वर्डमध्ये चित्र घातलं की त्याची प्रत डॉक्युमेंटच्या आत जाऊन बसते. फोल्डरमधली फाईल बदलली म्हणून आतली प्रत बदलत नाही. ती काढून नवी घालावी लागते. तिसरं, विंडोत काम करत असाल तर स्टाईल बदलल्यावर 'रीप्लॉट' दिल्याशिवाय स्क्रीनवर काही हलणार नाही.

ही तपासणी पहिली ठेवली आहे कारण ती झाल्याशिवाय पुढच्या एकाही तपासणीच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

दुसरी: कमांड अक्षर न् अक्षर वाचा

अधिकची चिन्हं दिसत असतील तर उत्तर इथेच आहे. ग्नूप्लॉट गणिती फंक्शन काढताना आपणहून लाईन काढतो, पण डेटा फाईल काढताना आपणहून पॉइंट काढतो. फाईलच्या नावापुढे 'विथ लाईन्स' किंवा 'विथ लाईन्सपॉइंट्स' लिहिलंच पाहिजे. सगळ्या फाईलींना एकदम लागू करायचं असेल तर वर 'सेट स्टाईल डेटा लाईन्स' द्या.

दुसरी चूक अशी, की मुलं वर छान तक्ता बनवतात:

सेट स्टाईल लाईन १ लाईनकलर आरजीबी "ब्लॅक" लाईनविड्थ २ डॅशटाईप २

आणि खाली प्लॉटच्या कमांडमध्ये 'लाईनस्टाईल १' लिहायचं राहून जातं. स्टाईल तयार झाली, पण तिला कोणी बोलावलंच नाही. 'सेट स्टाईल लाईन' ने बनवलेली स्टाईल नाव घेतल्याशिवाय लागत नाही. याउलट 'सेट लाईनटाईप १' ने केलेला बदल त्यापुढच्या प्रत्येक प्लॉटला आपोआप लागतो. रिपोर्टभर एकच रूप हवं असेल तर मी 'सेट लाईनटाईप' च वापरायला सांगतो. मात्र साध्या 'रीसेट' ने हे लाईनटाईप पुसले जात नाहीत हे ध्यानात ठेवा. एका ग्राफसाठी केलेला बदल दुसऱ्यात डोकावतो तो यामुळे.

मग अवतरणचिन्हं बघा. कमांड वर्डमधून कॉपी केली असेल तर अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात, ती ग्नूप्लॉटला कळत नाहीत. पुसून कीबोर्डवरून सरळ चिन्हं टाईप करा. रंगाचा हॅशवाला कोड अवतरणचिन्हांतच हवा, कारण उघडा हॅश म्हणजे तिथून पुढे टिप्पणी, आणि ग्नूप्लॉट ती वाचतच नाही. लांब कमांड दोन ओळींत मोडताना ओळीच्या शेवटी जी उलटी तिरपी रेघ देतो, तिच्यानंतर एक स्पेससुद्धा चालत नाही. तो स्पेस डोळ्यांना दिसत नाही. एडिटरमध्ये कर्सर ओळीच्या टोकाला नेऊन तपासा.

शेवटी अक्षाची मर्यादा. 'सेट वाय-रेंज' मध्ये शून्य ते शंभर लिहिलेलं असेल तर त्याबाहेरची लाईन कापली जाणारच. उजनीच्या ग्राफमध्ये हे दोन्ही बाजूंनी होतं. उजनीचा मृतसाठा (उपयुक्त साठ्याच्या खालचं, तळाचं पाणी) ६३.६६ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. टक्केवारी उपयुक्त साठ्याची धरतात, त्यामुळे उन्हाळ्यात धरण 'मायनस' मध्ये जातं आणि चांगल्या पावसात शंभराच्या वरही जातं. रेंज शून्य ते शंभर ठेवली की ऐन टंचाईचे महिने ग्राफमधून गायब होतात. सोलापूरकराला ज्या महिन्यांची काळजी असते नेमके तेच! एकदा 'सेट ऑटोस्केल' देऊन सगळी लाईन दिसते का बघा, मग रेंज ठरवा. आणि शून्याची रेघ वेगळी उठून दिसू द्या. नुसतं 'सेट एक्स-झीरोॲक्सिस' दिलं तर ती ठिपक्यांची फिकट येते, ग्रिडमध्ये हरवते. पुढे 'लाईनटाईप उणे १' आणि 'लाईनविड्थ १.५' जोडा, म्हणजे ठळक काळी येईल.

लॉग स्केल लावलं असेल तर शून्य आणि उणे आकडे निघणारच नाहीत. तिथे स्टाईलचा काही संबंध नाही.

तिसरी: व्हर्जन आणि 'टेस्ट'

'शो व्हर्जन' द्या. आकडा ५ किंवा पुढचा असेल आणि स्क्रिप्ट एखाद्या सीनियरकडून आलेली जुनी असेल, तर तुटक लाईन अखंड येण्याचं कारण सापडलं म्हणून समजा. २०१५ मध्ये आलेल्या ५.० पासून लाईनटाईपमधून तुटकपणा वेगळा काढला. पूर्वी टर्मिनलला 'डॅश्ड' सांगून लाईनटाईप २, ३ दिलं की तुटक नमुने मिळायचे. आता लाईनटाईपचा आकडा बदलला तर फक्त रंग बदलतो. तुटक हवी तर 'डॅशटाईप' स्वतंत्र लिहावं लागतं. त्याच व्हर्जनपासून रंगांचा क्रमही बदलला. पूर्वी पहिली लाईन लाल यायची, आता जांभळी येते. जुन्या रिपोर्टशी मेळ घालायचा असेल तर 'सेट कलरसिक्वेन्स क्लासिक' आहे.

आता मूळ क्रमात आठच रंग आहेत. नववी लाईन पुन्हा जांभळी होते. नऊ बागांचा ओलावा एका ग्राफवर काढणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. खरं तर माझं मत असं, की एका ग्राफवर पाचांहून जास्त लाईनी काढूच नयेत, दोन ग्राफ करावेत.

त्यानंतर नुसतं 'टेस्ट' टाईप करा आणि एंटर मारा. एक पान उघडतं. त्यात तुमचं टर्मिनल काय काय काढू शकतं ते सगळं दिसतं: रंग, पॉइंटचे आकार, जाडी, डॅशचे नमुने. ही कमांड मुलं जवळपास कधीच वापरत नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण ग्नूप्लॉटमध्ये इतकी उपयोगी दुसरी कमांड नाही. 'टेस्ट' च्या पानावर तुटक लाईन दिसत असेल आणि तुमच्या ग्राफमध्ये दिसत नसेल, तर दोष स्क्रिप्टचा किंवा डेटाचा. तिथेही दिसत नसेल, तर दोष टर्मिनलचा. एका फटक्यात अर्धं मैदान मोकळं होतं. ज्या टर्मिनलमधून शेवटचं चित्र काढणार आहात ते आधी सेट करून मगच 'टेस्ट' चालवा. स्क्रीनच्या विंडोचं 'टेस्ट' बघून पीएनजीबद्दल निष्कर्ष काढू नका.

चौथी: डेटा फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडा

इथे वेळ लागतो, पण लाईन तुटण्याची आणि उड्या मारण्याची बहुतेक कारणं इथेच निघतात. एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल आकडे सजवून दाखवतो आणि फाईलमध्ये खरं काय लिहिलंय ते झाकतो.

एक रिकामी ओळ म्हणजे ग्नूप्लॉटसाठी लाईन उचलून पुढे नव्याने टेकवण्याचा इशारा. लागोपाठ दोन रिकाम्या ओळी म्हणजे वेगळा डेटा संच. यंत्रातून निघालेल्या फाईलीत पानाच्या शेवटी रिकामी ओळ येते आणि लाईन नेमकी तिथे तुटते. उलट प्रकारही होतो. सुताच्या दोन नमुन्यांची रीडिंग्ज एकाखाली एक चिकटवली आणि मध्ये रिकामी ओळ सोडली नाही, तर पहिला नमुना जिथे तुटला तिथून लाईन थेट दुसऱ्या नमुन्याच्या शून्यावर येते. ती आडवी रेघ बघून 'लाईन परत का जाते' म्हणून मुलं हैराण होतात. मध्ये एक रिकामी ओळ टाका, रेघ जाईल.

ओळी तारखेच्या किंवा एक्सच्या क्रमाने नसतील तरी लाईन मागे-पुढे धावते, कारण ग्नूप्लॉट फाईलमधल्या क्रमानेच पॉइंट जोडतो. फाईल सॉर्ट करा. 'स्मूथ युनिक' ही सोय क्रम लावून देते, पण एकाच एक्सला दोन आकडे असतील तर त्यांची सरासरी काढते. ही सरासरी तुम्हाला चालणार असेल तरच वापरा.

करवतीचा प्रकार तारखांमुळे होतो. ०५/०६/२०२४ हे ग्नूप्लॉटला तारीख म्हणून आपणहून कळत नाही. तो पहिला आकडा, म्हणजे ५, वाचतो आणि थांबतो. त्यामुळे प्रत्येक महिना १ ते ३१ असा चालतो आणि पुन्हा १ वर येतो. 'सेट एक्स-डेटा टाईम' द्या आणि 'सेट टाईमएफएमटी' (टाईमला जोडून एफ-एम-टी) मध्ये दिवस, महिना, वर्ष हा फाईलमधलाच क्रम लिहा. आपल्याकडे दिवस आधी लिहितात आणि कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल महिना आधी करून ठेवतो, म्हणून दोन-चार तारखा डोळ्यांनी पडताळा. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा दोन्ही पद्धतींनी बरोबर वाटतात. १३ च्या पुढची एखादी तारीख बघितली की खरं कळतं.

आकड्यांमधले स्वल्पविराम काढा. १,१७,००० असं लिहिलं की आकड्याचे तुकडे होतात, चुकीचा आकडा वाचला जातो किंवा पुढचे रकाने सरकतात आणि लाईन अचानक तळाला आपटते. मराठी अंक तर ग्नूप्लॉट आकडे म्हणून वाचतच नाही. सरकारी तक्त्यातून कॉपी केलेल्या डेटात हे हमखास सापडतं.

राहिला मुद्दा न घेतलेल्या नोंदींचा. सुट्टीमुळे आठ दिवस रीडिंग नसेल, तर त्या जागी शून्य लिहू नका. शून्य ही नोंद आहे, नोंदीचा अभाव नाही. लाईन तिथे तुटलेली दिसायला हवी असेल तर त्या जागी 'नॅन' लिहा. इंग्रजीत तीन अक्षरं, एन-ए-एन. 'सेट डेटाफाईल मिसिंग' ने एखादं चिन्ह ठरवून दिलं, तर ते पॉइंट वगळले जातात आणि शेजारचे दोन पॉइंट थेट जोडले जातात. पाणीसाठ्यासारख्या हळू बदलणाऱ्या गोष्टीत एखाददुसरा दिवस जोडला तर बिघडत नाही. आठ दिवस जोडायचे म्हणजे न मोजलेली गोष्ट मोजली म्हणून दाखवणं. तिथे लाईन तुटलेलीच ठेवा, परीक्षकांना कारण सांगता येतं.

पाचवी: दाट डेटावर तुटक लाईन

दर मिनिटाच्या रीडिंगवर तुटक लाईन मागू नका. लाईन इतकी वरखाली होते की डॅशमधल्या जागा दिसतच नाहीत. अखंड लाईन ठेवा, आणि वेगळेपणासाठी 'विथ लाईन्सपॉइंट्स' सोबत 'पॉइंटइंटरव्हल ५०' द्या. लाईन सगळ्या डेटाची निघते, खूण मात्र दर पन्नासाव्या जागी उमटते. जाड तुटक लाईनीतल्या फटी बुजत असतील तर टर्मिनलच्या ओळीत 'राउंडेड' आहे का बघा. गोल टोकं दोन्ही बाजूंनी फट खातात. त्या जागी 'बट' लिहा.

सहावी: मोजमाप आणि कागद

पीएनजी चित्र काढणाऱ्या पीएनजीकैरो टर्मिनलचा मूळ आकार ६४० बाय ४८० पिक्सेल. ए-फोर पानावर समास सोडून साधारण १६ सेंटिमीटर, म्हणजे ६.३ इंच रुंदी मिळते. त्या रुंदीवर ६४० पिक्सेल ताणले की इंचाला शंभरच पडतात आणि लाईन दातेरी दिसते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० हवेत, म्हणजे रुंदी सुमारे १९०० पिक्सेल.

आता मुलं 'साईझ' १९०० करतात आणि दुसरी तक्रार घेऊन येतात, की लाईन बारीक झाली, अक्षरंही वाचता येत नाहीत. साहजिक आहे. चित्र तिप्पट झालं, लाईन एक पिक्सेलचीच राहिली, आणि इंचाला ३०० च्या हिशेबात एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही नाही. प्रत्येक लाईनची जाडी वेगवेगळी वाढवत बसू नका. टर्मिनलच्या ओळीतच 'लाईनविड्थ ३' आणि 'फॉन्टस्केल ३' लिहा. सगळ्या लाईनी आणि अक्षरं एकाच प्रमाणात वाढतात आणि लाईनींमधला आपसातला फरक टिकतो. लाटेकमध्ये (कमांड लिहून मजकूर मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) रिपोर्ट करणाऱ्यांनी पीडीएफ काढणारं पीडीएफकैरो टर्मिनल वापरावं. त्यात पिक्सेलच नसतात, आकार कितीही करा.

शेवटी काळा-पांढरा प्रिंट. विद्यापीठात द्यायच्या प्रती सात रस्ता काय किंवा जुळे सोलापूर काय, खर्च वाचवायला काळ्या-पांढऱ्याच काढल्या जातात. ग्नूप्लॉटच्या मूळ क्रमातली तिसरी लाईन आकाशी आणि चौथी नारिंगी. स्क्रीनवर दोन टोकांचे रंग. पण करड्या छटेत बदलताना सर्वसाधारणपणे लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतात. त्या हिशेबाने ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात आकाशी १५८ आणि नारिंगी १६३ वर येते. कागदावर हा फरक कोणालाही दिसणार नाही. क्रमातले निळा आणि लाल यांचीही हीच गत, ८७ आणि ८८. पाचवी पिवळी लाईन तर इतकी फिकट येते की नसल्यासारखीच.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या वर 'सेट मोनोक्रोम' लिहा, म्हणजे लाईनी रंगाऐवजी डॅशच्या नमुन्याने आणि जाडीने वेगळ्या होतात. मात्र कमांडमध्ये तुम्ही स्वतः रंग लिहिला असेल तर तो रंग तसाच राहतो, तेव्हा तो आधी काढा. सगळा रिपोर्ट छापण्याआधी त्या एकाच पानाचा प्रिंट काढा, आणि त्या प्रिंटची झेरॉक्सही काढून बघा. परीक्षकांच्या हातात बहुधा झेरॉक्सच पडते.

इथे थांबा

'टेस्ट' चं पान दोन-तीन वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये बिघडलेलं येत असेल तर इन्स्टॉलेशन किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची भानगड आहे. कॉलेजच्या मशीनवर स्वतः काढून पुन्हा टाकायला जाऊ नका, लॅबच्या सिस्टिम ॲडमिनला सांगा. त्या मशीनवर दुसऱ्यांचंही काम असतं.

प्रिंटवर लाईन एका पट्ट्यातच फिकी पडत असेल, तर प्रिंटरचं स्वतःचं टेस्ट पेज काढा. तिथेही तोच पट्टा असेल तर टोनर किंवा ड्रमचं काम आहे. त्यासाठी प्रिंटर दुरुस्त करणाराच लागतो. लाईन जाड करून तो दोष झाकू नका.

आणि सगळं तपासून झाल्यावरही लाईनीत एक अवघड उडी तशीच राहिली, तर ती दिसण्याची समस्या नाही. ती आकड्यांत आहे. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारा, गाइडना मूळ नोंदवही दाखवा. पेंटमध्ये जाऊन ती रेघ पुसणं किंवा हाताने सरळ करणं हा खोटा डेटा आहे, मग कारण काहीही असो. अशा ग्राफला मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

कोणाकडेही मदतीला जाताना पाच गोष्टी सोबत न्या: व्हर्जनचा आकडा, पूर्ण स्क्रिप्ट, डेटा फाईलच्या सुरुवातीच्या दहा ओळी आणि जिथे बिघडतं त्या आजूबाजूच्या दहा ओळी, 'टेस्ट' चं चित्र, आणि तयार झालेली मूळ चित्राची फाईल. मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो नेऊ नका, त्यात एक पिक्सेलची लाईन आहे की दोनची हे कळत नाही.